शंकूवाला एअर फिल्टर बसवायच्या आधी हे मोजून बघा

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. मागावरनं उडणारा कापसाचा तूस केसांत, चहात, सगळीकडं. हवा गाळून घ्यायचं महत्त्व मला कुणी सांगायला नको. तरी तीन वर्षांपूर्वी मी १.२ लिटरच्या पेट्रोल गाडीचा मूळ एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, काढला आणि साडेतीन हजारांचा उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला. पाय दाबला की बॉनेटखालून घोंघावल्यासारखा आवाज यायचा. आठवडाभर मी खूश. मग आमच्या मिस्त्रीनं एक चक्कर मारली आणि किल्ली परत देत म्हणाला, "अण्णा, आवाज तेवढा वाढलाय बगा. गाडी हाय तशीच हाय."

राग आला, म्हणून मोजायला बसलो.

आधी हवेचा हिशेब. १,१९७ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरून घेतं. ६,००० आरपीएमला मिनिटाला फार तर ३,६०० लिटर, म्हणजे पाण्याचे वीस लिटरचे १८० जार. एवढी हवा कंपनीच्या बॉक्समधून सुखानं येते का, हा खरा प्रश्न. आणि तोही पाय पूर्ण दाबलेला असतानाच. सात रस्त्याच्या गर्दीत थ्रॉटलची, म्हणजे पायाच्या दाबानं हवेची वाट उघडणारी झडप जवळजवळ मिटलेली असते. तिथं वाट अडवते ती झडप, फिल्टर नव्हे. त्यामुळं ‘फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल’ असं कुणी म्हणालं तर इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीपुरतं तरी ते सोडून द्या. हवा कमी आली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोलही कमी सोडतो.

मोजायच्या आधी आहे तो फिल्टर नीट करून घ्या, नाहीतर घाणेरड्या जुन्याची तुलना कोऱ्या नव्याशी होते आणि नवाच जिंकतो. क्लिपा उघडा, कागदी एलिमेंट बाहेर काढा, मागून मोबाईलचा टॉर्च धरा. घड्यांमधून उजेड दिसला तर ठीक, नाहीतर बदला. पाण्यानं धुवायचा नाही. हवा मारायची तर स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडं, लांबून आणि हलकी. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरनं जोर लावून मी एका एलिमेंटला भोकं पाडली आहेत. मग बॉक्स ओल्या फडक्यानं पुसा आणि एलिमेंटची रबरी कड खाचेत सगळीकडून बसली का, बोट फिरवून बघा. फिल्टरकडून इंजिनकडं जाणारा रबरी पाइप वाकवून चिरा तपासा. तिथून शिरलेली धूळ न गाळता थेट सिलिंडरमध्ये जाते.

आता मोजणी. स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचं. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावा आणि मोबाईलच्या ॲपमध्ये दोन आकडे निवडा: मॅनिफोल्डचा (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडं हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. (टर्बो नसलेल्या आणि हा दाब मोजणारा मॅप सेन्सर असलेल्या पेट्रोल गाडीसाठी हे आहे.) इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली ऑन करा. दिसेल तो बाहेरच्या हवेचा दाब. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर, त्यामुळं आपल्याकडं तो ९५-९६ किलोपास्कल येतो. मग पहाटे तुळजापूर रोडला रिकामा पट्टा बघून, एसी बंद करून, दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबा आणि ५,५००-५,८०० आरपीएमपर्यंत न्या. रेकॉर्डिंग ॲपला करू द्या. स्क्रीनकडं बघत गाडी चालवू नका. मी शेजारी पुतण्याला बसवला होता.

माझ्या मूळ बॉक्सवर ९६ चे ९३ झाले. म्हणजे फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल मिळून तीन किलोपास्कल खात होते, जेमतेम तीन टक्के. जगातला सर्वांत भारी फिल्टर आणला तरी यापेक्षा जास्त परत मिळणार नाही. शंकूवर आकडा आला ९४. एक टक्का कमावला!

आणि गमावलं किती? मूळ बॉक्सचं तोंड पुढच्या जाळीमागं होतं, बाहेरची हवा घेणारं. शंकू इंजिनच्या पोटाशी. मे महिन्यात, बाहेर ४२ अंश असताना सिग्नलवरून निघताना मूळ बॉक्सवर ४८ दिसायचे, शंकूवर ६४. साधारण तीन अंशांमागं हवा एक टक्का विरळ होते. सोळा अंश म्हणजे पाच टक्के. शिवाय तापलेल्या हवेत नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून होणारी ठकठक) नको म्हणून ईसीयू इग्निशन मागं घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, ते वेगळंच. गाडी पळायला लागली की हा आकडा खाली येतो, पण गावात कुठली पळतेय.

खात्रीसाठी स्टॉपवॉचही लावलं. तिसरा गिअर, ४० ते ८०, जाताना तीनदा, येताना तीनदा, म्हणजे वारा आणि चढ कापले जातात. दोन्ही फिल्टरांवर साडेआठ सेकंदांच्या आसपास. फरक बोटाच्या चुकीत मावेल एवढा.

तुमच्या गाडीत सात-आठ किलोपास्कल जात असतील आणि एलिमेंट स्वच्छ असेल, तर पाइप कुठं चेपलाय का ते बघा. तरीही बदल करायचाच असेल तर मूळ बॉक्समध्येच बसणारा चपटा फिल्टर घ्या. तेल लावायचा प्रकार असेल तर हात आखडता ठेवा. ज्या गाडीत हवा मोजणारा एअर-फ्लो सेन्सर असतो, तिथं जास्तीचं तेल त्याच्या तारेवर बसतं. गार हवा हवी म्हणून तोंड बंपरखाली मात्र नेऊ नका. साचलेल्या पाण्यात एकदा इंजिननं पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. टर्बो डिझेलवाल्यांनी पिकअप गेला आणि काळा धूर आला तर फिल्टर विकत घ्यायच्या आधी टर्बो ते इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचा) पाइप आणि त्याचे क्लॅम्प तपासावेत.

मूळ बॉक्स माळ्यावर होता म्हणून वाचलो. आता दर महिन्याला उघडतो आणि एलिमेंट बदललं की झाकणाच्या आतून मार्करनं किलोमीटर लिहितो. सध्या तिथं ६१,४०० आहे.