गनबस्टर बघायचंय? मग नोरिकोच्या वयाचा हिशोब ठेवा

गनबस्टर ही १९८८-८९ ची फक्त सहा भागांची जपानी ॲनिमे (म्हणजे ॲनिमेशन) सिरीज, गायनॅक्स स्टुडिओची, पुढे इव्हँजेलियन ही गाजलेली सिरीज करणाऱ्या हिदेआकी आन्नोने डायरेक्ट केलेली. तीनेक तासांत सगळी होते. पण पहिला भाग बघून बंद करू नका, एवढं ऐका.

कारण पहिल्या भागात वाटतं हे तर शाळेतलं स्पोर्ट्स ड्रामा आहे. ओकिनावातली मुलींची स्पेस स्कूल, कडक कोच, आणि आपली हिरॉइन नोरिको ताकाया, जिला रोबो चालवताना धड उभंही राहता येत नाही. वडील ॲडमिरल होते, अवकाशात गेले ते परतलेच नाहीत, त्यामुळे हिचं सिलेक्शन झाल्या झाल्या बाकीच्या मुली म्हणतात वशिला लागला. आणि रडते तर काय विचारू नका. जुन्या स्पोर्ट्स ॲनिमेची मुद्दाम केलेली मजा आहे ही, हसून घ्या आणि पुढे चला. (अधूनमधून काही सीन उगाच घातलेत, खटकतात, त्यामुळे लहान मुलांबरोबर लावू नका.)

दुसऱ्या भागापासून मात्र शेजारी कागद-पेन ठेवा, खरंच. एका बाजूला नोरिकोचं वय लिहा, दुसऱ्या बाजूला पृथ्वीवर किती वर्षं गेली ते. यान प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की आतला वेळ हळू चालतो, हे आइनस्टाइनचं खरं सायन्स आहे, ९९ टक्के वेगाने गेलात तर तुमचं एक वर्ष म्हणजे पृथ्वीवरची साधारण सात वर्षं. सिरीजमधले राक्षस, दोनशे मीटरचा रोबो वगैरे ठीक आहे, पण पोटात खड्डा पडतो तो या हिशोबानेच. भागांच्या मध्ये छोटे कार्टून सायन्स लेसन येतात ते स्किप करू नका, अर्धे थापा आहेत पण मूड कळतो.

तिसऱ्या भागात पहिल्या खऱ्या लढाईत नोरिको भीतीने थिजते आणि त्याची किंमत दुसराच मोजतो. मला ती तिथेच आवडायला लागली, कारण इतर हिरो लोकांसारखं तिला ऐनवेळी आपोआप सगळं जमत नाही, चौथ्या भागात जे होतं ते त्यामुळेच पटतं. चौथ्यानंतर ब्रेक घ्या. पाचवा-सहावा एकाच बैठकीत, आणि पाचव्यात नोरिकोला तिची जुनी मैत्रीण किमिको भेटली की तुमचा कागद काढून बघा.

सहावा भाग ब्लॅक अँड व्हाइट आहे, टीव्हीची सेटिंग्ज हलवत बसू नका. क्रेडिट्स आले म्हणून बंदही करू नका, शेवटपर्यंत बघा.

२००६ मध्ये सगळं कापून एक पिक्चर काढलाय, तो पहिल्यांदा बघणाऱ्यांनी घेऊ नये, नोरिकोचं धडपडणंच त्यात कमी होतं. डायबस्टर हा २००४ ते २००६ चा पुढचा भाग, तोही सहा एपिसोडचा, पण हे सगळं झाल्यावरच, नाहीतर त्याचा शेवट डोक्यावरून जाईल.