व्हर्च्युअल मशिनमध्ये डिस्कचे ड्रायव्हर कसे टाकायचे: व्हर्टआयओची पूर्ण कृती

केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशिन चालवायची सोय) किंवा तिच्यावर चालणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर नवीन व्हर्च्युअल मशिन (व्हीएम) बनवली, विंडोजची आयएसओ (सीडीची फाइल) लावली, इन्स्टॉलर सुरू झाला आणि विंडोज कुठे टाकायचं हे विचारणाऱ्या पानावर डिस्कची यादीच रिकामी. हे बघून बरेच जण व्हीएम उडवून परत बनवतात, डिस्क सॅटावर टाकतात, इन्स्टॉल होतं आणि मग ती व्हीएम कायम तशीच हळू चालत राहते. याची गरज नसते. डिस्क तिथेच आहे, फक्त विंडोजला तिच्याशी बोलायचा ड्रायव्हर माहीत नाही.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डिस्कच्या जोडणीसाठी आयडीई किंवा सॅटा निवडलं की हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) खऱ्या कंट्रोलर चिपची नक्कल करतो, आणि गेस्टने (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमने) त्या चिपच्या रजिस्टरमध्ये काही लिहिलं की दरवेळी गेस्टचं काम थांबून कंट्रोल होस्टकडे (बाहेरच्या खऱ्या मशिनकडे) जातो, होस्ट चिपचं नाटक करतो आणि परत येतो. छोट्या छोट्या फाइली भरपूर असल्या की यातच वेळ जातो. व्हर्टआयओ या व्हर्च्युअल मशिनसाठीच बनवलेल्या पद्धतीत हे नाटक नाही, गेस्टला माहीत असतं की आपण व्हर्च्युअल आहोत, तो मेमरीतल्या एका सामायिक रांगेत मागण्या टाकतो आणि होस्ट त्या तिथूनच उचलतो. रस्टी रसेल यांनी ही पद्धत मांडली, २००८ च्या सुरुवातीला आलेल्या लिनक्स कर्नल २.६.२४ पासून ती कर्नलमध्ये आहे, आणि नंतर ओएसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने तिची १.० आवृत्ती प्रसिद्ध केली. म्हणून लिनक्स गेस्टला वेगळं काही द्यावं लागत नाही. विंडोजच्या डीव्हीडीत मात्र हे ड्रायव्हर येत नाहीत, ते आपणच द्यायचे.

कंट्रोलर कुठला निवडायचा

दोन प्रकार दिसतील. एक व्हर्टआयओ ब्लॉक, त्याचा विंडोज ड्रायव्हर म्हणजे व्हायोस्टॉर. दुसरा व्हर्टआयओ स्कझी, त्याचा ड्रायव्हर व्हायोस्कझी. ब्लॉकमध्ये प्रत्येक डिस्क हे वेगळं पीसीआय डिव्हाइस असतं, स्कझीमध्ये एका कंट्रोलरवर भरपूर डिस्क बसतात. वेगात दोघांमध्ये रोजच्या वापरात जाणवेल असा फरक नसतो. माझं मत विचाराल तर स्कझी घ्या, कारण डिस्क वाढवायला सोपं जातं. प्रॉक्समॉक्सवर कंट्रोलर 'व्हर्टआयओ स्कझी सिंगल' ठेवा आणि डिस्कवर 'आयओ थ्रेड' (डिस्कच्या कामासाठी वेगळा थ्रेड) टिक करा. व्हर्ट-मॅनेजरमध्ये (केव्हीएमच्या व्हीएम सांभाळायचा प्रोग्रॅम) डिस्कचा बस, म्हणजे जोडणीचा प्रकार, स्कझी केलात तर कंट्रोलरचं मॉडेल खरंच व्हर्टआयओ स्कझी आहे ना ते एकदा बघून घ्या, तिथे जुना एलएसआय कंट्रोलर बसलेला असला तर पुढे ड्रायव्हर जुळणार नाही आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

नवीन विंडोज टाकताना

फेडोरा प्रोजेक्टकडून 'व्हर्टआयओ-विन' नावाची आयएसओ मिळते, तिची स्टेबल आवृत्ती उतरवा. गेस्ट विंडोज ७ किंवा सर्व्हर २००८ आर२ असेल तर नवीन आयएसओ चालणार नाही, ०.१.१७३ ही जुनी आवृत्ती शोधून घ्या.

आता व्हीएमला दोन सीडी ड्राइव्ह लावा, एकीत विंडोज, दुसरीत ही आयएसओ. दोन्ही ड्राइव्ह सॅटा किंवा आयडीईवरच हव्यात. ड्रायव्हरची सीडीच व्हर्टआयओवर लावली तर ती वाचायला आधी ड्रायव्हर लागेल, आणि तो तर त्या सीडीतच आहे.

इन्स्टॉलर सुरू करा, डिस्क निवडायच्या पानावर या, 'लोड ड्रायव्हर' दाबा, मग 'ब्राउझ'. व्हर्टआयओच्या सीडीत खूप फोल्डर दिसतील, त्यातला व्हायोस्कझी उघडा (ब्लॉक निवडलं असेल तर व्हायोस्टॉर), आत विंडोजच्या आवृत्तीचा फोल्डर, आणि त्याच्या आत 'एएमडी ६४'. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हाच फोल्डर घ्यायचा, ते ६४ बिटचं नाव आहे, कंपनीशी संबंध नाही. ओके केलं की यादीत रेड हॅटच्या नावाचा ड्रायव्हर येईल, तो निवडून नेक्स्ट, आणि काही सेकंदात डिस्क दिसायला लागते.

थांबा, लगेच पुढे जाऊ नका. नेटवर्क कार्डही व्हर्टआयओ ठेवलं असेल तर तिथेच परत 'लोड ड्रायव्हर' दाबून नेटकेव्हीएम फोल्डरमधला ड्रायव्हरही देऊन टाका. विंडोज ११ सेटअपच्या शेवटी इंटरनेट मागतं आणि नेटवर्क नसेल तर तिथेच अडकवून ठेवतं.

विंडोज चालू झाल्यावर त्याच सीडीच्या मुळातला गेस्ट टूल्सचा इन्स्टॉलर चालवा, त्यातून मेमरी बलूनसारखे बाकीचे ड्रायव्हर आणि गेस्ट एजंट एकदम बसतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलरखाली 'रेड हॅट व्हर्टआयओ स्कझी पास-थ्रू कंट्रोलर' दिसला म्हणजे व्हायोस्कझी चालू आहे.

आधीच सॅटावर चालणारी विंडोज व्हर्टआयओवर न्यायची असेल तर

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. नुसता ड्रायव्हर इन्स्टॉल केला आणि डिस्कचा बस बदलला तर बहुतेक वेळा निळी स्क्रीन येते, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. कारण असं की बूट होताना कुठले ड्रायव्हर आधी उचलायचे हे विंडोज ठरवून ठेवतं, आणि ज्या ड्रायव्हरचं हार्डवेअर तिने कधी पाहिलंच नाही तो त्या यादीत सुरुवातीला नसतो. फाइल डिस्कवर आहे पण ती डिस्क वाचायलाच ती फाइल हवी. म्हणून हार्डवेअर आधी दाखवायचं, बूटची डिस्क नंतर हलवायची.

सुरुवातीला स्नॅपशॉट किंवा बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो सस्पेंड करा आणि रिकव्हरी की व्हीएमच्या बाहेर कुठेतरी ठेवा. मग व्हीएमला एक जीबीची रिकामी डिस्क जोडा, ती व्हर्टआयओ स्कझीवर, आणि मूळ डिस्कला अजून हात लावू नका. विंडोज चालू करा, व्हर्टआयओची सीडी लावून गेस्ट टूल्स चालवा. आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती एक जीबीची डिस्क दिसायला हवी. सर्व्हर विंडोजमध्ये ती ऑफलाइन दिसू शकते, त्यात काही बिघडलेलं नाही, दिसते एवढंच महत्त्वाचं. फॉरमॅट करायचीही गरज नाही.

आता शटडाउन, पण पूर्ण शटडाउन. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साध्या शटडाउनमध्ये कर्नल झोपवून ठेवलेला असतो आणि पुढच्या वेळी तोच जुन्या हार्डवेअरच्या समजुतीने उठतो, म्हणून शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा.

प्रॉक्समॉक्सवर मूळ डिस्क निवडून 'डिटॅच' करा, ती 'अनयूज्ड डिस्क' म्हणून खाली दिसेल, डेटा जात नाही, घाबरू नका. तिच्यावर डबल क्लिक करून बस स्कझी निवडा आणि ॲड करा. मग ऑप्शन्समध्ये बूट ऑर्डर उघडून ही डिस्क टिक करून वर आणा, हे विसरलं की व्हीएम नेटवर्कवरून बूट व्हायचा प्रयत्न करत बसते आणि लोकांना वाटतं ड्रायव्हर चुकला. व्हर्ट-मॅनेजरमध्ये डिस्कच्या पानावर बस बदलून अप्लाय करा, बूट ऑप्शन्स तिथेही बघा. विंडोज नीट उठली की रिकामी डिस्क काढून टाका.

तरीही निळी स्क्रीन आलीच तर डिस्क परत सॅटावर ठेवा, विंडोज उठेल. एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूट, मिनिमल टिक करा, बंद करा, डिस्क स्कझीवर न्या आणि चालू करा. सेफ मोडमध्ये विंडोज बूटचे ड्रायव्हर नव्याने तपासते आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं, मग टिक काढून नेहमीसारखं रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, त्यामुळे खात्याचा पासवर्ड आधीच माहीत असू द्या.

सॅटावर परत जाणंही शक्य नसेल, म्हणजे व्हीएम दुसरीकडून आणलेली असेल वगैरे, तर विंडोजच्या आयएसओवरून रिपेअरमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा. ड्रव्हलोड कमांडला व्हायोस्कझीच्या आयएनएफ फाइलचा पत्ता दिला की डिस्क दिसायला लागते, मग डीआयएसएमच्या ॲड-ड्रायव्हर पर्यायाने तोच ड्रायव्हर डिस्कवरच्या विंडोजमध्ये घाला. इथे विंडोजची ड्राइव्ह सी असेलच असं नाही, आधी अक्षर तपासा.

लिनक्स गेस्ट

ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, पण बूटच्या वेळी लागतो तो इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टिम) आहे का हा खरा प्रश्न. फेडोरा, आरएचईएलसारख्या सिस्टिमवर ती बनवणारं ड्रॅकट हे टूल त्या मशिनला लागतात तेवढेच मॉड्यूल घेतं, म्हणून व्हीएमवेअरवरून केव्हीएमवर आणलेली मशिन रूट डिस्क सापडत नाही म्हणून अडकते. हलवायच्या आधीच ड्रॅकटला व्हर्टआयओ ब्लॉक आणि व्हर्टआयओ स्कझी ही दोन मॉड्यूल जबरदस्तीने घालायला सांगा आणि एलएसइनिटआरडी (आतल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड) चालवून ती खरंच आत गेली का बघा. डेबियन, उबुंटूवर साधारणपणे सगळी मॉड्यूल आत असतात. दुसरी गोष्ट एफएसटॅबची, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेल्या फाइलची: ब्लॉकवर गेलात की एसडीएची व्हीडीए होते, त्यामुळे तिथे डिव्हाइसचं नाव लिहिलेलं असेल तर त्याजागी यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा. हलवायच्या मशिनी खूप असतील तर व्हर्ट-व्ही२व्ही वापरा, ते टूल विंडोजमध्ये ड्रायव्हर घालण्याचं कामही स्वतः करतं.

बाकीचे हायपरव्हायजर

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या दुसऱ्या जनरेशनच्या व्हीएम स्कझीवरूनच बूट होतात आणि विंडोजमध्ये तो ड्रायव्हर असतोच, काही करायचं नाही. पहिल्या जनरेशनमध्ये बूट डिस्क आयडीईवरच ठेवावी लागते. व्हीएमवेअरमध्ये व्हर्टआयओच्या जागी पीव्हीस्कझी असतो, ड्रायव्हर व्हीएमवेअर टूल्समध्ये येतो, आणि जुन्या विंडोजला रिकाम्या डिस्कची वरचीच युक्ती तिथेही जशीच्या तशी लागू पडते.

ड्रायव्हर बसल्यावर

डिस्कच्या सेटिंगमध्ये 'डिस्कार्ड' चालू करा, म्हणजे गेस्टमध्ये फाइल डिलीट झाली की ती जागा होस्टला परत मिळते, नाहीतर थिन डिस्क (लागेल तशी जागा घेणारी) फुगतच जाते. व्हर्टआयओ ब्लॉकवर यासाठी किमान क्यूईएमयू (केव्हीएमसोबत व्हीएमचं हार्डवेअर उभं करणारं सॉफ्टवेअर) ४.० लागतं आणि लिनक्स गेस्टमध्ये कर्नल ५.०. मग विंडोजमध्ये 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्स' चालवा, लिनक्समध्ये एफएसट्रिम. कॅशे 'नन' किंवा 'राइटबॅक' ठेवा. 'अनसेफ' नावाचा पर्याय वेगाच्या मोहाने निवडू नका, त्यात गेस्टने डेटा पक्का लिहायला सांगितलेलं होस्ट ऐकतच नाही आणि वीज गेली तर फाइल सिस्टिमच जाऊ शकते.