नोड रिकामे, तरी रांग हलेना : माझा अनुभव

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात. आठ नोडचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले आठ संगणक, आणि तो सगळ्या विभागांचा सामाईक. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवर पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी परवा येऊन म्हणाली, "सर, चार नोड खाली हायेत ना जी, मग माहं काम काऊन अटकलं?"

तिचं काम एका नोडवरचं, जेमतेम चाळीस मिनिटांचं. तीन दिवस रांगेत पडून होतं. मला खरंच वाईट वाटलं.

क्लस्टरवर कामं वाटून देणाऱ्या स्लर्म या सॉफ्टवेअरची रांग उघडली. सर्वात वर भौतिकशास्त्राचं आठही नोड मागणारं काम, थांबण्याचं कारण 'रिसोर्सेस', म्हणजे पुरेसे नोड मोकळे नाहीत. त्याखालच्या सगळ्यांपुढे 'प्रायॉरिटी', म्हणजे वरच्याचा नंबर आधी. मोठं काम सुरू व्हायच्या आत जे संपेल, तेच छोटं काम स्लर्मची 'बॅकफिल' ही सोय मधल्या फटीत घुसवते. पण कामाला किती वेळ हवा ते कुणीच लिहिलं नव्हतं, आणि आमच्या पार्टिशनला (नोडच्या गटाला) 'मॅक्सटाइम', म्हणजे कमाल वेळ, अमर्याद. 'डिफॉल्टटाइम', म्हणजे वेळ न लिहिलेल्या कामाची मर्यादा, दिला नाही तर तोच लागू होतो. म्हणजे स्लर्मच्या लेखी तिचं काम कधी संपणारच नव्हतं!

तिला 'एस-कंट्रोल अपडेट' या कमांडने कामाची वेळ एक तास करायला सांगितलं. रांगेतल्या आपल्या कामाची वेळ वापरकर्ता स्वतः कमी करू शकतो; वाढवायला मात्र अ‍ॅडमिन लागतो. थोड्याच वेळात स्क्रीनवर 'पीडी'चं (रांगेत) 'आर' (चालू) झालं.

मग 'डिफॉल्टटाइम' एक तास, 'मॅक्सटाइम' तीन दिवस केला आणि बदल लागू करायला 'रीकॉन्फिगर' ही कमांड चालवली. त्याआधी सगळ्या विभागांत जाऊन समजावून आलो. न सांगता मर्यादा लावली, तर कुणाचं तरी रात्रभराचं काम तासाभरात मरतं.