नेमाचा पाट: झाकणं, चिंचोके आणि टिचकीने लेकराच्या हाताचा सराव

टेबलावर किंवा चौरंगावर मांडता येणारा हा नेमाचा खेळ आहे. हात आखडलेल्या, ढिल्या किंवा थरथरणाऱ्या लेकरांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारे तज्ज्ञ) असेच खेळ वापरतात. घरी, अंगणवाडीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात तो एका दुपारी तयार होतो.

पाट

60 × 45 सेंमीचा सपाट तुकडा घ्या. प्लायवूड मिळालं तर बरंच. नाहीतर कूलरच्या खोक्याचे दोन पुठ्ठे, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे, फेविकॉलने चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. एकेरी पुठ्ठा पावसाळ्यात वाकतो, आणि वाकलेल्या पाटावर नेम चुकला तर दोष हाताचा की पाटाचा, हे कळत नाही. लेकराकडची बाजू मोकळी सोडून बाकी तिन्ही कडांना तुराट्या बांधा. वर चिंधी गुंडाळा, नाहीतर फास बोटात जाते.

दूरच्या कडेपासून 15 सेंमी आत मध्यबिंदू धरून 24, 16 आणि 8 सेंमी व्यासाची तीन वर्तुळं आखा. बाहेरून आत 1, 2, 3 गुण. नजर कमी असलेल्या लेकरासाठी काळ्या पाटावर पिवळी वर्तुळं रंगवा.

नेमाला पाण्याच्या बाटलीची झाकणं घ्यायची. रिकामं झाकण इतकं हलकं असतं की टिचकी लागताच उडतं. त्यात चिकणमाती दाबून भरा, दोन दिवस सावलीत वाळवा (उन्हात तडकते) आणि वर कागद चिकटवा. रिकामं, अर्धं भरलेलं आणि पूर्ण भरलेलं, अशी तीन वजनं ठेवा. सरकायला पाटावर चिमूटभर तांदळाचं पीठ पुरतं. कॅरमची बोरिक पावडर नको, ती हातावाटे पोटात जाते.

तीन वर्षांखालच्या किंवा सगळं तोंडात घालणाऱ्या लेकराला लहान झाकणं, कंचे, चिंचोके द्यायचे नाहीत. त्याला 5 सेंमीहून मोठी बरणीची झाकणं. आणि गावात हे बजावून सांगावंच लागतं: फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं झाकण कितीही धुतलं तरी वापरू नका. एरंडी, गुंज, धोतरा, चंद्रज्योत, सीताफळ यांच्या बिया आणि रंग लावलेली बियाण्याची सरकी यांनाही या खेळात जागा नाही.

बसवणं

अर्धा नेम इथेच ठरतो. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, गुडघे आणि कंबर काटकोनात, आणि पाट लेकराच्या कोपराच्या उंचीला किंवा दोन-तीन सेंमी वर. पाय लोंबत असतील तर खाली विटा द्या. खुर्ची नसेल तर लेकराला बसायच्या पाटावर भिंतीला टेकवून बसवा आणि पुढे चौरंग ठेवा. धड डुगडुगत असेल तर दोन्ही बाजूंना बारदान्याच्या गुंडाळ्या लावा. धड स्थिर नसेल तर लेकरू हाताने स्वतःलाच सावरत बसतं. मग त्या हाताने नेम कसा धरणार?

खेळाच्या पायऱ्या

टिचकीने सुरुवात करू नका, ती शेवटची पायरी आहे. आधी झाकण वर्तुळात नुसतं ठेवून सोडायचं. मग तळहाताने ढकलायचं, मग एका बोटाने सरकवायचं. त्यानंतर अंगठा आणि तर्जनीने चिंचोका उचलून डब्यात टाकायचा. हे जमलं की टिचकी: तर्जनीचं नख अंगठ्यामागे अडकवायचं आणि झटकन सोडायचं. बोट एकटं हलवणं आणि जोर मोजून लावणं, दोन्ही त्यात येतं.

सुरुवात 15 सेंमी अंतरावरून करा. दहा नेमांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट विसावा. दहापैकी साधारण सात लागले तर अंतर बरोबर आहे. सलग तीन दिवस आठ किंवा जास्त लागले की एकच गोष्ट बदला: अंतर 5 सेंमीने वाढवा, किंवा वजन बदला, किंवा वर्तुळ लहान घ्या. चार किंवा कमी लागले तर मागे या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने अडलं ते सापडत नाही.

नेम चुकतो तेव्हा

सगळी झाकणं एकाच बाजूला जात असतील तर हाताआधी कंबर बघा. बहुधा लेकरू एका कुल्ल्यावर झुकलेलं असतं, किंवा पाट तिरका ठेवलेला असतो.

झाकण दर वेळी वर्तुळापलीकडे जात असेल तर जोर मोजता येत नाही. “हळू मार” म्हणून उपयोग होत नाही, हाताला शब्द समजत नाही. पूर्ण भरलेलं झाकण द्या, म्हणजे किती जोर लागला हे बोटांना जाणवतं. जमलं की अर्धं, मग रिकामं.

मनगट खाली पाडून बोटं उघडत असतील तर ती आखडलेल्या हाताची पळवाट आहे: मनगट वाकलं की बोटं आपोआप थोडी सैल होतात. अशा वेळी चिंचोका डब्यात टाकताना मनगटाचा खालचा भाग डब्याच्या काठावर टेकू द्या, सोडणं सोपं जातं. काही दिवसांनी पाटाच्या दूरच्या कडेखाली एक वीट ठेवा. चढत्या पाटावर मनगट वर राहतं. त्या दिवशी पीठ लावू नका, झाकणं घसरून मागे येतील.

वर्तुळ जवळ आलं की थरथर वाढत असेल तर कोपर टेकवा, जड झाकण आणि मोठं वर्तुळ द्या, वेळेची मर्यादा लावू नका. जीभ बाहेर, खांदा कानापाशी, चेहरा ताठ, असं दिसलं तर नेम लागत असला तरी काम फार जड आहे. अंतर कमी करा.

एका बाजूचा हात कमजोर असेल तर, पाट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं असेल, ते काढून टाका. पाट सरकायला लागतो आणि दुसऱ्या हाताला तो धरावाच लागतो. चांगला हात बांधून कमजोर हाताला कामाला लावायचं, हे मनाने करू नका. त्या पद्धतीला तासांचा हिशेब असतो, तो थेरपिस्टच ठरवतो.

मदत कोपराला किंवा दंडाला द्या. बोटं धरून मारून दिलं तर तो नेम तुमचा झाला.

भावंडं खेळायला बसली तर त्यांनी डाव्या हाताने आणि दुप्पट अंतरावरून मारायचं, मग चुरस खरी होते. तान्ह्या पोळ्याचा छोटा लाकडी नंदी वर्तुळात उभा केला तर कंटाळलेलं लेकरूही आणखी एक फेरी खेळतं. गुण मोजायला आजीला बसवा.

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत खेळ उरका. घामेजल्या बोटाला झाकण चिकटतं आणि नेम उगाच आखूड पडतो. झटक्याचं औषध घेतल्यावर लेकरू पेंगत असेल तर ती वेळही टाळा.

वहीत रोज एक ओळ लिहा: तारीख, अंतर, झाकण कोणतं, दहापैकी किती, हात कसा होता. थेरपिस्टला ही ओळ तासभराच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगते.

लेकरू एक वर्षाच्या आतच एकच हात वापरायला लागलं, येत असलेलं काम करेनासं झालं, किंवा खेळताना दुखतं म्हणालं, तर पाट बाजूला ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे आणि तो 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला यायचं असतं. तेव्हा वही दाखवा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून उपचार करणाऱ्या केंद्राची) चिठ्ठी मागा. पथक येण्याची वाट बघायची नसेल तर आशाताईंना सोबत घेऊन थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.