वस्ती आणि विद्यापीठ: शहरी आरोग्य संशोधनात या चुका टाळा

अनुदानाच्या अर्जाला चार दिवस उरले की विद्यापीठातून वस्तीत काम करणाऱ्या संस्थेला फोन येतो. "तुमच्या लेटरहेडवर पाठिंब्याचं पत्र हवं होतं. मसुदा पाठवलाय, फक्त सही करून द्या." संस्था सही करते, कारण नाही म्हटलं तर पुढच्या वेळी फोनच येणार नाही अशी धास्ती असते. अर्ज मंजूर होतो. वर्षभराने विद्यापीठात ऐकू येतं, "लोक सहकार्यच करत नाहीत", आणि वस्तीत, "हे फक्त माहिती न्यायला येतात".

अशा भागीदाऱ्यांमध्ये मी बरीच वर्षं काम करते आहे. भांडण मानधनावरून पेटलेलं असो, प्रश्नावलीवरून की शोधनिबंधावर कोणाची नावं घालायची यावरून, मागे मागे जात राहिलं की बहुतेक वेळा मी त्या फोनपाशीच येऊन पोचते. वस्तीला बोलावलं तेव्हा ठरवायचं काही शिल्लकच राहिलेलं नव्हतं.

सही मागण्याआधी प्रश्न विचारा

विषय विद्यापीठात ठरतो आणि मग तो अभ्यासायला वस्ती शोधली जाते. संशोधकाला मधुमेहावर काम करायचं असतं, लोकांची झोप मात्र घरामागच्या तुंबलेल्या गटाराने उडवलेली असते. दोन्ही प्रश्न खरेच आहेत. पण ज्यात लोकांचा जीव अडकलेला नाही, त्या प्रश्नासाठी ते तुम्हाला तासभर का देतील?

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये याच्या उलट घडलं. 'वी ॲक्ट' ही तिथली संघटना १९८८ मध्ये उभी राहिली ती परिसरातल्या प्रदूषणाविरुद्ध. डिझेलच्या धुराची तक्रार रहिवाशांची स्वतःची होती. कोलंबिया विद्यापीठातले संशोधक त्या तक्रारीवर काम करायला सोबत आले. १९९६ च्या उन्हाळ्यात हवा मोजणारी यंत्रं अंगावर बाळगून माणसं चार चौकांतल्या फुटपाथवर थांबली, सोबत ट्रक, बस आणि पादचारी मोजले गेले. बारीक धुलिकणांचं एकूण प्रमाण चारही ठिकाणी फारसं वेगळं नव्हतं. डिझेलची काजळी मात्र ठिकाणागणिक चौपटीपर्यंत बदलत होती. शहराच्या सरासरीत असा फरक बुडून जातो.

अर्जाला खरोखरच चार दिवस उरले असतील, तर प्रश्न पक्का करण्यासाठी पहिले काही महिने आणि त्यांचा खर्च अर्जातच मागा. तेही बसत नसेल तर अनुदानाची ही फेरी सोडा. बढतीची वाट पाहणाऱ्या तरुण प्राध्यापकाला हे ऐकवणं जड जातं, तरीही मी हेच सांगते.

पैशाचं बोलणं पहिल्याच बैठकीत

या विषयावर सगळे अवघडतात, आणि भागीदारी सर्वांत जास्त इथेच मोडते. विद्यापीठाचा हिशोब विभाग म्हणतो, आधी खर्च करा, पावत्या द्या, मग पैसे मिळतील. मोठ्या संस्थेला हे परवडतं. तीन माणसांच्या संस्थेला दोन महिन्यांचे पगार खिशातून भरणं शक्य नसतं. सर्वेक्षण करणाऱ्या मुलींचा पगार थकला म्हणून समन्वयक बाईंनी स्वतःची मुदत ठेव मोडलेली मी पाहिली आहे. प्रकल्प प्रमुखांना ते कळलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. पण नियम कोणी बदलला नाही, आणि पुढच्या प्रकल्पाला त्या बाई आल्या नाहीत.

म्हणून करारात आगाऊ हप्ता लिहून घ्या. विद्यापीठ प्रशासकीय खर्चापोटी अनुदानातला वाटा आपल्याकडे ठेवतं, तसं भाडं, वीज आणि हिशोबनीस संस्थेलाही असतात, तेव्हा त्यांचाही वाटा अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. सल्लागार समितीत बसणाऱ्या रहिवाशाला बाहेरून आलेल्या तज्ज्ञाइतकंच मानधन द्या. आणि हिशोब विभागातल्या ज्या व्यक्तीच्या टेबलावर बिलं अडकणार आहेत, तिलाच पहिल्या बैठकीला बोलवा. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांचे चेहरे पाहिलेले असले की पुढचे कितीतरी फोन वाचतात.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये १९९५ साली मिशिगन विद्यापीठ, शहराचं आरोग्य खातं आणि वस्त्यांमधल्या संस्था यांचं संयुक्त संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हा त्यांनी एकत्र बसून सहकार्याची तत्त्वं लिहून काढली. सामंजस्य करारात सहसा मोठमोठे शब्द असतात. त्यापेक्षा कामाचा कागद म्हणजे एका पानावर लिहिलेली चार उत्तरं: निर्णय कोण घेणार, पैसे कधी मिळणार, माहिती कोणाकडे राहणार, मतभेद झाला तर कोणाकडे जायचं.

प्रश्नावली चुकते आहे, हे कसं ओळखायचं

मुलाखती ठरल्या वेळेच्या निम्म्यात संपू लागल्या, किंवा पूर्ण गल्लीतून एकसारखी उत्तरं आली, तर सर्वेक्षकाला बोल लावण्याआधी प्रश्न वाचून पाहा. "पिण्याचं पाणी कुठून येतं? एका पर्यायावर खूण करा." उंबऱ्यात बसलेली बाई बोटांवर मोजत सांगते: सकाळी अर्धा तास नळ, नळ गेला की शेजारच्या इमारतीतून दोन हंडे, तेही नाही मिळालं तर टँकर, आणि टँकरचं पाणी पिंपात तीन दिवस. सर्वेक्षकाकडे खूण एकच. तो 'नळ' निवडतो. घरोघरी हेच होतं, अहवालात वस्ती 'नळाच्या पाण्याची' ठरते, आणि मुलांना जुलाब का होतात हे कोडं तसंच राहतं. उत्तर त्या पिंपात असू शकतं, आणि ते बाईने सांगितलेलंही असतं.

उपाय स्वस्त आहे. छपाईआधी दहा घरांत रहिवाशांसोबत बसा आणि प्रत्येक प्रश्नाला विचारा, "हेच तुम्ही शेजारणीला कसं विचाराल?" निम्मी वाक्यं तिथेच बदलतात.

ओळखीच्या माणसाला जे कळतं ते मोजणाऱ्याला कळत नाही, ही गोष्ट जुनीच आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलराची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवलं. तिथले तरुण धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांना ते पटलं नव्हतं. स्नो यांना खोटं ठरवावं म्हणून ते स्वतः घरोघरी फिरले. घरं ओळखीची, एकाच घरी पुन्हा पुन्हा जाता येत होतं. शेवटी ४० क्रमांकाच्या घरातल्या तान्ह्या बाळाचा आजार सापडला तो व्हाइटहेड यांनाच. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी पंपाच्या विहिरीला लागून असलेल्या शोषखड्ड्यात जात होतं. शंका घेणारा स्थानिक माणूस सोबत असणं मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. समितीत फक्त माना डोलावणारे नकोत.

मात्र ओळखीची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. घरातली मारहाण, गर्भपात, क्षयरोग, एचआयव्ही यांबद्दल बाई आपल्याच गल्लीतल्या सर्वेक्षक मुलीपाशी बोलणार नाही, बोलली तर नंतर तिचाच जीव टांगणीला लागेल. अशा प्रश्नांसाठी सर्वेक्षक दुसऱ्या वस्तीतून आणा, आणि मुलाखत कुठे द्यायची ते तिलाच ठरवू द्या.

एकच पुढारी म्हणजे वस्ती नव्हे

जो माणूस आधी भेटतो, दार उघडतो, सभा भरवतो, त्यालाच सगळे प्रतिनिधी समजून बसतात. भाडेकरू, रात्रपाळीचे कामगार, नुकते आलेले स्थलांतरित आणि तरुण मुली त्या सभेत नसतात. कोण आलं नाही याची यादी प्रत्येक बैठकीनंतर करा, पुढची बैठक त्यांच्या वेळेला ठेवा.

निकाल दाबून ठेवू नका, माहिती वाटेल तशी वापरू नका

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९९० च्या दशकात भाड्याच्या घरांतला, मुलांना विषारी ठरणारा शिशाचा रंग किती प्रमाणात काढला म्हणजे पुरतो, याचा अभ्यास झाला. त्या घरांत लहान मुलं राहत होती. धुळीत शिसं जास्त आढळल्याचं आपल्याला वेळेवर कळवलं नाही, असं म्हणत पालक न्यायालयात गेले, आणि २००१ साली मेरीलँड या तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अभ्यासावर अतिशय कडक शब्दांत टीका केली. यावरून एक नियम मी पक्का धरला आहे. कोणता निकाल आला तर किती दिवसांत, कोण, कोणाला सांगणार आणि पुढच्या उपचाराची सोय काय, हे पहिला नमुना घेण्याआधी लिहिलेलं असावं. 'विश्लेषण चालू आहे' हे आजारी मुलाच्या आईला देण्याचं उत्तर नव्हे.

माहितीच्या मालकीचं उदाहरण शहराबाहेरचं, पण सगळीकडे लागू पडणारं. ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, असा त्यांचा समज होता. तेच नमुने स्किझोफ्रेनिया (एक गंभीर मानसिक आजार) आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासांतही वापरले गेले. २०१० मध्ये ते नमुने घेणाऱ्या विद्यापीठाला भरपाई देऊन नमुने परत करावे लागले. संमतीपत्रात 'भविष्यातील संशोधनासाठी' एवढं मोघम लिहू नका. प्रत्येक नव्या वापराआधी रहिवासी बसतात त्या सल्लागार समितीला विचारलं जाईल, असं लिहा आणि तसं वागा.

नावं काढून टाकली की ओळख पुसली जाते, हाही गैरसमज आहे. छोट्या वस्तीत 'पन्नाशीतली परिचारिका, क्षयरोग' एवढं छापलं तरी शेजारी ओळखतात. लहान आकडे एकत्र करून द्या, घरांचे नकाशे प्रसिद्ध करू नका, आणि अहवालाचा मसुदा रहिवाशांना दाखवा: 'यातून कोण ओळखू येतंय?' उत्तर तेच देऊ शकतात.

प्रकल्प मध्येच अडखळला तर

बैठकीला माणसं कमी होऊ लागली की आधी मागच्या तीन बैठकांचं इतिवृत्त काढा. लोकांनी सुचवलेल्यातलं काय अमलात आलं, यावर खुणा करा. एकही खूण नसेल तर चहा-नाश्ता वाढवून काही होणार नाही. पुढची बैठक फक्त त्या सूचनांवर घ्या, आणि जे जमणार नाही ते का जमणार नाही हे तोंडावर सांगा. लोक नकार पचवतात, टोलवाटोलवी नाही.

विद्यार्थी दर सत्राला बदलतात आणि वस्तीला दर वेळी तीच कहाणी नव्याने सांगावी लागते. जाणाऱ्याने येणाऱ्याला घेऊन निदान दोनदा घरोघरी फिरावं. ईमेलवरच्या हस्तांतरणाचा वस्तीला काही उपयोग नसतो.

शेवटचे सहा महिने निरोपासाठी राखून ठेवा. रक्तदाब मोजायची यंत्रं कोणाकडे राहणार, तयार झालेल्या सर्वेक्षक मुलींना अनुभवाचं पत्र कोण देणार, ज्यांचा रक्तदाब वाढलेला सापडला त्यांची पुढची तपासणी कुठे होणार, हे नावानिशी ठरवा. आणि निष्कर्ष शोधपत्रिकेत छापून येण्याआधी एका संध्याकाळी वस्तीत वाचून दाखवा, त्यांच्या भाषेत, प्रश्न संपेपर्यंत थांबून.