जुनी मोटरहोम घेताना मैलांआधी छत बघा

अमेरिकेत २०-२५ वर्षांची क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं चाकांवरचं घर, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं) बघायला गेलात आणि ओडोमीटरवर १ लाख मैल दिसले, तर तेवढ्यावरून नाही म्हणू नका. वेळच्या वेळी तेलपाणी झालेलं फोर्डचं ६.८ लिटर व्ही-१० इंजिन त्याहून बरंच पुढे जातं. या गाड्यांची खरी वाट लावतं ते पाणी. छताच्या सांध्यांवरचं सीलंट भेगाळतं, पाणी भिंतीत उतरतं, आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरचा फायबरग्लास सुटून फुगतो. ही दुरुस्ती कधीकधी गाडीच्या किमतीलाच भिडते. म्हणून शिडी लावून छत स्वतः बघा. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाची गादी उचलून कोपरे अंगठ्याने दाबा. खिडक्यांखाली, कपाटांच्या आत मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) लावा. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल निघाली किंवा कोपरा मऊ लागला, तर सौदा सोडा, विक्रेता कितीही भला असो.

टायरची नक्षी फसवते, कारण या गाड्या उभ्याच जास्त असतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, ते टायर कधी बनला ते सांगतात: २३१८ म्हणजे २०१८चा २३वा आठवडा. टायर सात वर्षांपुढचे असतील तर सहाही (मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असतात) बदलायचे धरूनच भाव करा.

गॅसवरचा फ्रिज थंड व्हायला कित्येक तास लागतात, तो आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा. इंजिन मात्र थंडच हवं, कारण सुरू होतानाचे दोष थंड इंजिनातच दिसतात. तुम्ही पोचण्याआधीच ते गरम करून ठेवलेलं आढळलं, तर दुसऱ्या दिवशी परत जा. जनरेटर एसीचा भार टाकून अर्धा तास चालवा.