गेम टेबल घेताय? आधी कोपर मोजा

घरात गेम टेबल आणायचं ठरलं की सगळे आधी टेबलाची साइज बघतात आणि तिथंच गंडतात. टेबल खोलीत मावतंच हो, खेळणारा माणूस मावत नाही. आमच्याकडे हेच झालं, टेबल टेनिसचं टेबल, ९ फूट बाय ५ फूट, टेपने मोजून मापून आणलं, खोलीत बसलंही झकास, पण मागे जेमतेम दोन पावलं जागा, स्मॅशसाठी हात मागे घेतला की कोपर भिंतीवर. दोन महिन्यांत खेळ बंद आणि टेबलावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. तो मात्र रोज नेमाने पडायचा.

म्हणून दुकानात जायच्या आधी एक करा, टेबलाच्या मापाचे जुने पेपर जमिनीवर अंथरा आणि चारी बाजूंनी खेळल्यासारखे हातवारे करून बघा. घरचे हसतील, हसू दे. कपाटाचं दार उघडतंय का, येणाजाणाऱ्याला वळसा पडतोय का, हे सगळं तिथंच कळतं.

टेबल टेनिसला दोन्ही टोकांना निदान ५-५ फूट आणि बाजूला ३-३ फूट तरी पाहिजेत, म्हणजे साधारण १९ बाय ११ची मोकळी जागा, आणि हे फक्त घरगुती खेळाचं बोलतोय, मोठ्या स्पर्धेत एका टेबलाला १४ मीटर बाय ७ मीटर देतात. एवढी जागा कायमची नसेल तर फोल्डिंग आणि चाकांचं घ्या, त्यात एक बाजू उभी करून एकट्याला भिंतीसारखी प्रॅक्टिसही करता येते, फक्त चाकांचे लॉक नीट लागतात का ते स्वतः लावून बघा. आणि जाडी बघा. पातळ फळीवर बॉल मेल्यासारखा उडतो. दुकानात बॉल ३० सेंटीमीटरवरून सोडा, २३च्या आसपास उसळला पाहिजे, आणि मध्ये, कोपऱ्यात, जोडाजवळ सगळीकडे सारखाच. सेल्समन बघत राहील, बघू दे. गच्चीत किंवा अंगणात ठेवणार असाल तर आउटडोअर म्हणून बनवलेलंच घ्या, साधी लाकडी फळी ओल लागली की फुगते आणि मग काही करता येत नाही.

पूल टेबलाचं गणित वेगळं. तिथं टेबल नाही, क्यू म्हणजे बॉल मारायची काठी मोजायची. नेहमीची क्यू ५८ इंचांच्या आसपास असते आणि ती चारी बाजूंना मागे खेचता आली पाहिजे, त्यामुळे ७ फुटी टेबलालाही खोली जवळजवळ १६ बाय १३ फूट लागते, ८ फुटीला १७ बाय साडेतेरा. एखाद्या बाजूला जागा कमी पडत असेल तर तेवढ्यापुरती ४८ इंची आखूड क्यू ठेवा, चालून जातं, पण चारी बाजूंना आखूड क्यूच वापरावी लागणार असेल तर टेबलाचा नादच सोडा. स्नूकरचं फुल साइज टेबल १२ फुटी, त्याबद्दल घरात बोलूच नये.

पुढचा प्रश्न, पूल टेबलाची वरची पाटी स्लेटची की एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची? स्लेट म्हणजे दगड, वाकत नाही, बॉल सरळ जातो, पण टेबलाचं वजन काहीशे किलोत जातं, तेव्हा वरच्या मजल्यावर राहात असाल तर स्लॅबचं आधी एखाद्या जाणकाराला विचारा. शिवाय एकदा बसवलं की सरकवायचं नाही, सरकवलं की पुन्हा लेव्हल करणं आलं. घर बदलायची शक्यता असेल किंवा मुलं नुकती शिकत असतील तर एमडीएफ पुरे, फक्त ओलीपासून जपा.

फूसबॉलला, म्हणजे दांड्यांना लावलेल्या बाहुल्या फिरवून खेळायच्या टेबल-फुटबॉलला, जागा कमी लागते असं वाटतं, पण दांडे दोन्ही बाजूंना बाहेर येतात हे विसरू नका, वर तिथं माणसंही उभी राहणार. घरात लहान पोरं असतील तर आतल्या आत सरकणारे टेलिस्कोपिक दांडे बघा, नाहीतर समोरच्याने जोरात ढकललेला दांडा बरोबर पोराच्या तोंडाच्या उंचीला येतो. एअर हॉकीत टेबलाच्या भोकांतून येणाऱ्या हवेवर चकती सरकते, त्यामुळे तिला जवळ प्लग पाहिजे आणि पंख्याचा आवाज सोसायची तयारी, रात्री खेळणारे असाल तर जरा विचार करा.

कॅरमचा बोर्ड मात्र कुठल्याही घरात बसतो, आतला चौकोन २९ इंचांचा, खेळ झाला की भिंतीला टेकवून ठेवता येतो. त्यातही प्लाय हलका घेऊ नका, दोनचार महिन्यांत मध्ये बसला की सोंगट्या आपोआप तिकडेच जमतात, आणि स्टँड डुगडुगत असेल तर नेम धरून उपयोग काय?

एकात चार-पाच खेळ देणारी कॉम्बो टेबलं मला पटत नाहीत. वरची फळी उचलून बदलायचा कंटाळा येतो आणि शेवटी एकच खेळ खेळला जातो, तोही लहान मापाचा. एखादा खेळ घरात खरंच चालतो का ते आधी कुणाकडे जाऊन खेळून बघा आणि मग तेवढंच टेबल चांगलं घ्या.

आणि हो, ऑर्डर द्यायच्या आधी लिफ्ट, जिन्याचं वळण आणि घराचं दार मोजा, टेबल किती भागांत सुटं येणार आणि जोडून कोण देणार तेही दुकानदाराकडून लिहून घ्या.